मतांची फेरमोजणी मागायची असेल तर: मोजणीच्या टेबलापासून न्यायालयापर्यंत

४ जून २०२४ रोजी मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघात मतदान यंत्रांवरची मोजणी संपली, तेव्हा अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४ मतांवर होते. फरक एका मताचा. टपाली मतांत वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मते मिळाली, आणि वायकर ४८ मतांनी निवडून आले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने कीर्तिकरांची याचिका पुराव्यापर्यंत जाऊ न देता उंबरठ्यावरच फेटाळली. निकालावर नेमका परिणाम कसा झाला हे दाखवणारी आवश्यक तथ्ये याचिकेत नाहीत, हे त्यामागचे मुख्य कारण.

नऊ लाखांहून अधिक मतांत ४८ चा फरक, आणि तरीही फेरमोजणी नाही? अनेकांना हे पटत नाही. पण कायदा फरक किती थोडा आहे हे पाहत नाही; चूक कुठे आणि किती मतांची झाली हे विचारतो. त्याचे उत्तर मोजणीच्या दिवशी, मोजणीच्या सभागृहात, कागदावर तयार व्हावे लागते. ते तिथे झाले नाही तर पुढे कितीही मोठा वकील उभा केला तरी हाती फारसे लागत नाही.

मोजणीच्या आधी: कोणते कागद जवळ हवेत

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे फॉर्म १७-सी चा भाग १. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष यात त्या केंद्रावर यंत्रात नोंदलेली एकूण मते, कंट्रोल युनिटचा (यंत्राच्या मते साठवणाऱ्या भागाचा) क्रमांक आणि मोहोरांचे क्रमांक लिहितो व मतदान प्रतिनिधींना त्याची प्रत देतो. ही प्रत मागून घ्या, सही करून घ्या. मतदान प्रतिनिधी संध्याकाळी पाचला चहाला गेला आणि प्रत न घेता घरी पोचला, हा प्रकार प्रत्येक निवडणुकीत घडतो. विधानसभेच्या एका मतदारसंघात साधारण तीनशेच्या आसपास केंद्रे असतात. यातल्या निम्म्या प्रती जरी नसल्या तरी मोजणीच्या दिवशी तुमचा प्रतिनिधी आंधळाच.

या प्रती केंद्र क्रमांकानुसार लावा आणि टेबलवार वाटा. बहुतेक ठिकाणी मोजणीला १४ टेबले असतात, म्हणजे पहिल्या फेरीत टेबल १ वर केंद्र १, दुसऱ्या फेरीत केंद्र १५, असा क्रम चालतो. प्रत्येक टेबलावरच्या मतमोजणी प्रतिनिधीकडे (त्याची नेमणूक फॉर्म १८ वर होते) त्याच्याच टेबलावर येणाऱ्या केंद्रांचा गठ्ठा हवा. सोबत एक साधी वही: फेरी, केंद्र, कंट्रोल युनिट क्रमांक, भाग १ मधली एकूण मते, यंत्रावर दिसलेली एकूण मते, प्रमुख तीन-चार उमेदवारांची मते, नोटा, वेळ. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे वही आणि दोन पेने.

सभागृहात कशावर डोळा ठेवायचा

इथे एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या. कंट्रोल युनिटवरचे ‘रिझल्ट’चे बटण दहा वेळा दाबले तरी तोच आकडा येतो. म्हणून ‘यंत्रे पुन्हा मोजा’ या मागणीतून यंत्राच्या आकड्यात काही बदलत नाही. चुका होतात त्या यंत्रातून कागदावर आणि एका कागदावरून दुसऱ्या कागदावर आकडे उतरवताना: टेबलावरच्या १७-सी च्या भाग २ मध्ये, मग फेरीच्या तक्त्यात, मग फॉर्म २० च्या अंतिम निकालपत्रकात.

हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यातील बुआना लाखू ग्रामपंचायतीच्या सरपंचपदाचा वाद याचे उत्तम उदाहरण आहे. नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत एका केंद्राच्या आकड्यांत गोंधळ झाला आणि भलताच उमेदवार निवडून आल्याचे जाहीर झाले. वाद खालून वर चढत सर्वोच्च न्यायालयात पोचला. न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये यंत्रे थेट दिल्लीत मागवली आणि आपल्याच निबंधकांकडून सगळ्या केंद्रांची मोजणी, चित्रीकरणासह, करवून घेतली. एकूण ३,७६७ मतांपैकी हरलेल्या ठरवलेल्या उमेदवाराला १,०५१ आणि विजयी ठरवलेल्याला १,००० मते निघाली. यंत्रे बरोबर होती, कागद चुकीचा होता. तो कागद दुरुस्त व्हायला पावणेतीन वर्षे लागली.

तेव्हा टेबलावर या तपासण्या करा. कंट्रोल युनिटचा क्रमांक आणि मोहोर १७-सी शी जुळते का? भाग १ मधली एकूण मते आणि यंत्रावरची एकूण मते सारखी आहेत का? नसतील तर ते यंत्र बाजूला ठेवून त्याची नोंद व्हायला हवी. मतदानाआधीच्या मॉक पोलची (चाचणी मतदानाची) मते केंद्राध्यक्षाने पुसली नसतील तर असा फरक येतो. त्याच्याशी निकाल बदलण्याइतका संबंध असेल, म्हणजे विजयाचे अंतर त्या यंत्रातल्या मतांपेक्षा कमी असेल, तर तिथल्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत कोणाला गेले हे दाखवणाऱ्या छापील चिठ्ठ्या) मोजल्या जातात. यंत्राचा पडदा चाललाच नाही तरीही चिठ्ठ्यांवरूनच मोजणी होते.

दर फेरीनंतर आपल्या वहीतल्या चौदा टेबलांची बेरीज फेरीच्या तक्त्याशी ताडून पाहा. चूक दिसली की त्याच फेरीत लेखी हरकत, वेळ घालून, आणि हरकतीच्या दुसऱ्या प्रतीवर पोच. ‘सांगितलं होतं साहेबांना’ हा पुरावा नव्हे.

टपाली मते: इथेच बहुतेक लढती फिरतात

टपाली मतपत्रिका कागदाची असते आणि ती बाद करण्याचा निर्णय माणूस करतो, म्हणून फेरमोजणीत खरा बदल घडण्याची शक्यता इथेच सर्वाधिक. मतपत्रिका फॉर्म १३-बी च्या आतल्या पाकिटात, घोषणापत्र फॉर्म १३-ए बाहेर, आणि दोन्ही फॉर्म १३-सी च्या मोठ्या पाकिटात. घोषणापत्र नसणे, त्यावर सही किंवा साक्षांकन नसणे, घोषणापत्रावरचा आणि आतल्या पाकिटावरचा अनुक्रमांक न जुळणे, या कारणांनी आतले पाकीट न उघडताच मत बाद होते. पाकीट उघडल्यावर मतपत्रिकेवर कोणालाच खूण नसणे, एकाहून अधिक उमेदवारांना खूण असणे, मतदाराची ओळख पटेल असे काही लिहिलेले असणे ही कारणे येतात. मात्र खूण पुसट आहे किंवा एकाच उमेदवारापुढे दोनदा केली आहे एवढ्यावर मत बाद करता येत नाही, मतदाराचा हेतू स्पष्ट असला पाहिजे. बाद झालेल्या प्रत्येक पाकिटामागचे कारण विचारा आणि वहीत कारणवार आकडा ठेवा. ‘१११ बाद’ असे नको. ‘सही नाही इतकी, अनुक्रमांक चुकला इतकी’ असे हवे.

मुंबई उत्तर-पश्चिममध्ये १११ टपाली मते बाद झाली होती आणि अंतर ४८ होते, त्यामुळे त्यांची फेरतपासणी झाली. निवडणूक आयोगाचा २०१९ पासूनचा नियमच तसा आहे: विजयाचे अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर निकाल जाहीर करण्याआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने सगळी बाद मते पुन्हा तपासलीच पाहिजेत. यासाठी अर्जाचीही गरज नाही, पण तरी करा. पावती असलेली बरी.

फेरतपासणी टाळली तर काय होते ते गुजरातच्या ढोलका मतदारसंघात दिसले. २०१७ मध्ये भूपेंद्रसिंह चुडासमा ३२७ मतांनी जिंकले होते. ४२९ टपाली मते बाद झालेली होती. १२ मे २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि चुडासमा मंत्रिपदी राहिले. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा: ३२७ विरुद्ध ४२९ हे गणित किती ताकदीचे असते, आणि उच्च न्यायालयात जिंकूनही खुर्ची मिळतेच असे नाही.

सप्टेंबर २०२५ पासून आयोगाने आणखी एक बदल केला आहे: टपाली मतांची मोजणी पूर्ण झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. यापूर्वी यंत्रे संपल्यावर टपाली मतांनी निकाल उलटायचा आणि संशयाला जागा व्हायची.

नियम ६३ ची ती काही मिनिटे

आता मुख्य भाग. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधल्या नियम ६३ प्रमाणे, सगळी मोजणी झाल्यावर निवडणूक निर्णय अधिकारी फॉर्म २० मध्ये प्रत्येकाची एकूण मते भरतो आणि ती जाहीर करतो. ही ‘मतांची घोषणा’ आहे, ‘निकालाची घोषणा’ नाही. या दोहोंच्या मध्ये उमेदवार, आणि तो हजर नसेल तर त्याचा निवडणूक प्रतिनिधी किंवा कोणताही मतमोजणी प्रतिनिधी, फेरमोजणीचा लेखी अर्ज करू शकतो. सर्व मतांच्या किंवा काही भागाच्या फेरमोजणीचा. मात्र कारणे दिलीच पाहिजेत. हजर असलेल्यांना वाजवी संधी दिल्याशिवाय अधिकाऱ्याने निकालपत्रकावर सही करायची नाही, असे हाच नियम सांगतो. अर्जासाठी किती वाजून किती मिनिटांपर्यंत थांबणार हे त्याने जाहीर करायचे असते. एकदा निकालपत्रक पुरे होऊन त्यावर सही झाली की अर्ज घेतला जात नाही. त्यानंतर फॉर्म २१-सी वर निकालाची घोषणा आणि फॉर्म २२ वर विजयी उमेदवाराला प्रमाणपत्र.

या वेळात बाहेर कार्यकर्त्यांच्या घोषणा सुरू असतात, उमेदवार खचलेला असतो, आणि अर्ज कोणी लिहायचा यावर वाद चालतो. म्हणून अर्जाचा मसुदा आदल्या रात्रीच तयार ठेवा, फक्त आकडे भरायचे राहू द्या. मसुदा असा:

‘प्रति, निवडणूक निर्णय अधिकारी, ____ विधानसभा मतदारसंघ. विषय: निवडणूक संचालन नियम, १९६१ च्या नियम ६३ अन्वये फेरमोजणी. आपण आज __ वाजून __ मिनिटांनी फॉर्म २० मधील एकूण मते जाहीर केलीत. घोषित अंतर __ मते. खालील कारणांसाठी फेरमोजणी मागत आहे: (१) मतदान केंद्र १२४, फेरी ९, टेबल १२: फॉर्म १७-सी भाग १ मध्ये एकूण मते ८१२, कंट्रोल युनिटवर ८२१, हरकत __ वाजता दिली, पोच सोबत. (२) बाद टपाली मते __. त्यांपैकी __ मते अनुक्रमांक जुळत नसल्याचे सांगून बाद केली, आमच्या प्रतिनिधीच्या नोंदीप्रमाणे त्यांतील __ चे अनुक्रमांक जुळत होते. (३) फेरी ११ च्या तक्त्यात टेबल ४ ची मते माझ्या नावापुढे __ अशी घेतली आहेत, टेबलावरच्या भाग २ मध्ये ती __ आहेत. कृपया वरील केंद्रांची, फेरीची व सर्व बाद टपाली मतांची फेरमोजणी करावी आणि निर्णय लेखी, कारणांसह द्यावा.’

शेवटचे वाक्य विसरू नका. अर्ज फेटाळताना लेखी कारणे देण्याचे बंधन अधिकाऱ्यावर आहे. अर्ज ‘क्षुल्लक किंवा अवाजवी’ वाटला तर तो पूर्ण किंवा अंशतः नाकारू शकतो, आणि ‘अंतर फार कमी आहे म्हणून सर्व मते मोजा’ असा एका ओळीचा अर्ज याच शब्दांत नाकारला जातो.

व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांसाठी वेगळा नियम आहे, ५६-डी. त्यासाठीही मतांची घोषणा झाल्यावर लेखी अर्ज लागतो, केंद्र आणि कारण नमूद करून. यंत्र आणि चिठ्ठ्यांत तफावत निघाली तर चिठ्ठ्यांचा आकडा धरला जातो. प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील चिठ्ठी टाकून निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या तशाही मोजल्या जातात. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाऐवजी पाच केंद्रे केली. शंभर टक्के चिठ्ठ्या मोजण्याची मागणी मात्र २६ एप्रिल २०२४ च्या निकालात फेटाळली गेली.

त्याच निकालाने आणखी एक सोय दिली, आणि तिच्याबद्दल बराच गैरसमज आहे. दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार निकालानंतर सात दिवसांत अर्ज करून विधानसभा मतदारसंघातील पाच टक्के यंत्रांची तपासणी मागू शकतो. २०२४ मध्ये यासाठी एका संचाला ४०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७,२०० रुपये आगाऊ भरावे लागत होते. ही फेरमोजणी नाही. यंत्र नीट चालते का, ते उत्पादक कंपनीचे अभियंते तपासतात. तुमची मते पुन्हा मोजली जात नाहीत. निवडणूक याचिका दाखल झाली की ही यंत्रे न्यायालयाच्या परवानगीशिवाय उघडली जात नाहीत, हेही ध्यानात ठेवा. दोन्ही मार्ग एकदम धरले तर एक दुसऱ्याला अडवतो.

निकालानंतर: ४५ दिवस

निकाल जाहीर झाला की रिट याचिकेचा मार्ग बंद. संविधानाचा अनुच्छेद ३२९(ब) आणि १९५२ चा पोन्नुस्वामी निकाल यांमुळे निवडणुकीला आव्हान फक्त निवडणूक याचिकेनेच देता येते, आणि लोकसभा-विधानसभेसाठी ती उच्च न्यायालयात. मुदत निकालाच्या दिवसापासून ४५ दिवस. २३ नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निकालांसाठी ती ७ जानेवारी २०२५ ला संपली. उशीर माफ होत नाही. मुदतीच्या कायद्यातली उशीर माफ करण्याची सोय इथे लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच ठरवले.

पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी करा. फॉर्म २०, सर्व १७-सी, फेऱ्यांचे तक्ते आणि अर्जावरचा निर्णय यांच्या प्रमाणित प्रती मागा. आणि मोजणीचे चित्रीकरण जपून ठेवण्यासाठी जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याला लेखी पत्र द्या. याचिका आली नाही तर ४५ दिवसांनी चित्रीकरण नष्ट करता येईल, अशा सूचना आयोगाने मे २०२५ मध्ये दिल्या आहेत. कर्नाटकातल्या मालूरच्या २०२३ च्या निवडणुकीत, जिथे अंतर २४८ मतांचे होते, मोजणीचे चित्रीकरण सादर न होणे हा मुद्दा उच्च न्यायालयात महत्त्वाचा ठरला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये फेरमोजणीचा आदेश निघाला.

याचिका तयार करताना लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ ची काही कलमे तंतोतंत पाळावी लागतात. कलम ८१, ८२ किंवा ११७ पाळले नाही तर कलम ८६ प्रमाणे याचिका फेटाळण्याशिवाय न्यायालयापुढे पर्यायच नसतो. प्रतिवादी जितके तितक्या प्रती, आणि प्रत्येक प्रत खरी असल्याबद्दल याचिकाकर्त्याची स्वतःची सही. नुसती निवडणूक रद्द करून हवी असेल तर विजयी उमेदवार प्रतिवादी. ‘मलाच विजयी जाहीर करा’ अशीही मागणी असेल तर लढतीतले सर्व उमेदवार, अगदी ऐंशी मते मिळालेला अपक्षसुद्धा. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला प्रतिवादी करू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ते नाकारले आहे. सुरक्षा ठेव २,००० रुपये. आणि याचिका दाखल करताना स्वतः हजर राहा: कर्नाटकातली एक याचिका केवळ वकिलाने नेऊन दिली म्हणून फेटाळली गेली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केले.

आता मजकूर. कलम ८३ ‘महत्त्वाच्या तथ्यांचे संक्षिप्त निवेदन’ मागते. मतपेट्या किंवा पाकिटे उघडून मग कारण शोधू, अशी गळ टाकायची परवानगी न्यायालय देत नाही. मतदानाची गुप्तता त्याआड येते. १९६४ च्या रामसेवक यादव खटल्यापासून हे सूत्र चालत आले आहे आणि १९७५ च्या सुरेश प्रसाद यादव निकालात त्याच्या तीन अटी नीट मांडल्या आहेत: याचिकेत अनियमिततेची पुरेशी तथ्ये, ती सकृद्दर्शनी सिद्ध करणारा पुरावा, आणि न्यायासाठी फेरमोजणी अपरिहार्य असल्याबद्दल न्यायालयाची खात्री. अंतर कमी असणे ही यातली एकही अट नाही.

म्हणून प्रत्येक आरोपाला केंद्र क्रमांक, टेबल, फेरी, मतांची संख्या, कोणी पाहिले, हरकत कधी दिली, हे सगळे जोडा. आणि शेवटी बेरीज दाखवा: या चुका दुरुस्त केल्या तर अंतर इतके होते आणि निकाल बदलतो. कलम १००(१)(डी) मध्ये ‘निकालावर प्रत्यक्ष परिणाम’ दाखवण्याची अट आहे. अंतर ४८ मतांचे असताना ते ४० ने घटते एवढेच सिद्ध केले तरी पुरत नाही. याचिकेत जे नाही त्यावर नंतर पुरावा घेतला जात नाही. राजस्थानच्या नाथद्वारात २००८ मध्ये सी. पी. जोशी एका मताने हरले, त्या वादात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले.

नाथद्वाऱ्यात आणि मुंबई उत्तर-पश्चिममध्ये दोन्हीकडे प्रदत्त मतांचा प्रश्न आला. तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेले असेल तर तुम्हाला यंत्रावर नव्हे, कागदी मतपत्रिकेवर मत देता येते; ते पाकिटात बंद राहते आणि नेहमीच्या मोजणीत धरले जात नाही. ते मोजून घ्यायचे तर न्यायालयात आधीचे मत तोतयाने टाकले होते हे मतदारागणिक सिद्ध करावे लागते. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये अशा ३३३ मतांचा मुद्दा होता. आकडा मोठा, पण तो याचिकेत कसा मांडला यावर सगळे अवलंबून.

विजयी उमेदवाराच्या बाजूने असाल तर एक सापळा लक्षात ठेवा. याचिकाकर्त्याने स्वतःला विजयी जाहीर करण्याची मागणी केली असेल, तर त्याच्या मतांवर तुम्हाला उलट आक्षेप घ्यायचा असल्यास कलम ९७ प्रमाणे खटला सुरू झाल्यापासून चौदा दिवसांत नोटीस द्यावी लागते. ती दिली नाही तर फेरमोजणीत त्याच्या खात्यातली चुकीची मते दिसूनही त्यावर बोलता येत नाही. १९६४ च्या जबरसिंग खटल्यापासून हे पक्के आहे, आणि तरीही वकील ही नोटीस विसरतात.

उच्च न्यायालयाच्या निकालावर अपील थेट सर्वोच्च न्यायालयात, तीस दिवसांत. कायदा सहा महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करा म्हणतो. ढोलक्याला जवळजवळ अडीच वर्षे लागली.

ग्रामपंचायत आणि महापालिका

इथे कायदा वेगळा आणि मुदत फार छोटी. ग्रामपंचायतीसाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत कायदा, १९५८ चे कलम १५: निकालापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज. मुंबई महापालिकेसाठी १८८८ च्या कायद्याचे कलम ३३, लघुवाद न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश, मुदत दहा दिवस. मते समसमान झाली तर चिठ्ठी काढली जाते, जशी २०१७ मध्ये मुंबईच्या प्रभाग २२० मध्ये काढावी लागली. नगरसेवकांनी आपापसांत करायच्या निवडणुकांतही न्यायालय मतपत्रिका स्वतः पाहू शकते: चंडीगडच्या महापौर निवडणुकीत ३६ पैकी ८ मते पीठासीन अधिकाऱ्याने स्वतः खुणा करून बाद केली होती. २० फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिका मागवून पाहिल्या, ती आठ मते वैध धरली, आणि १६ विरुद्ध १२ चा निकाल १६ विरुद्ध २० झाला. तिथे हे शक्य झाले कारण अधिकाऱ्याचे पेन चालताना कॅमेरा सुरू होता.